भीमाआत्याची चिमूट

आमची भीमाआत्या गाईला पेंड घालण्याआधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायची. नवीन पोतं उघडलं की आधी तिची जीभ, मग चांदीची. चांदी म्हणजे तिची गाय. "जे मपल्या तोंडाला चालंना, ते मुक्या जनावराला कावून चारायचं?" असं ती विचारायची. याला उत्तर असलं तरी ते आत्यापुढे बोलायची आमची टाप नव्हती.

कडा या बाजाराच्या गावाजवळच आमचं खेडं, तिथे तिचं घर माझ्या घराला लागून. मुलगा माधव नोकरीला पुण्यात, आणि आत्या इथे चांदी आणि तिच्या कालवडीबरोबर सुखात. साखरेचा आजार जुना होता, पण त्याची तिला लाज नव्हती. "ऊस तोडाया लोकं पार लांब जात्यात, अन् मपल्या अंगातच कारखाना हाय," म्हणून ती हसायची आणि चहात आणखी एक चमचा साखर घालायची.

मग तिच्या पायाला जखम झाली आणि काही केल्या भरेना. माधवचा फोन आला. दिवाळीपर्यंत साखर आटोक्यात आली नाही तर गाई विकायच्या आणि आईने पुण्याला यायचं. आत्या त्याला नुसतं "बरं" म्हणाली. मला मात्र म्हणाली, "दिगू, मला तिथं तिसऱ्या मजल्यावर नेऊन बांधत्याल रं."

मी तिला कड्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, जखम बांधली आणि रिपोर्ट बघून सांगितलं, "आजी, साखर इतकी वाढली की लघवीवाटे अंगातली खनिजंही जातात. तुमचं मॅग्नेशियम कमी पडलंय." आत्याने मान डोलावली. एरवी डॉक्टरांचं अर्धं ऐकणारी बाई सगळं नीट ऐकतेय, हे बघून मला बरं वाटलं. तिथेच शंका यायला हवी होती.

काही दिवसांनी सकाळी दूध आणायला गेलो, तर आत्या बाजरीच्या पिठात गाईच्या खनिज मिश्रणाची भुकटी मिसळत होती.

"आत्या, हे काय?"

"चांदी व्याल्यावर उठंना, तवा जनावराच्या डॉक्टरानं हेच दिलतं. उभी ऱ्हायली का न्हाई? मला बी तेच कमी हाय म्हनं." मग मला धीर द्यावा तशी म्हणाली, "चव बघितली मी. खडूवानी लागतंय, पन वंगाळ न्हाई."

मी ती पिशवी आणि आत्या, दोघींना घेऊन पुन्हा कडा गाठलं. डॉक्टरांना आधी हसू आवरेना, मग ते गंभीर झाले. "हे गाईच्या अंगाला बेतलेलं असतं. तुमची मूत्रपिंडं आधीच थकलेली, त्यांना हे सोसणार नाही."

"मग मान्साचं कुठं भेटतं?"

"तुमच्या चुलीवर. बाजरीची भाकरी, पण बेतानं. तिळाची, कारळाची चटणी, परसातल्या तांदुळजाची भाजी. आणि हे गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही."

आत्या म्हणाली, "म्हंजी वैरन बी लागती अन् इंजेक्शन बी."

एवढं कळल्यावर तिने स्वतःला गोठ्यातल्या शिस्तीला लावलं. वेळेवर खाणं, वेळेवर गोळी. जखम भरू लागल्यावर दुधाची किटली घेऊन डेअरीपर्यंत चालणं. चहातली साखर बंद झाली ती पाहुण्यांचीही. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "गोड पायजे तर गोड बोला." स्वतः मात्र सुरुवातीला इतकी चिडचिड करायची की चांदीसुद्धा बिचकून असायची.

दिवाळीला माधव आला तो गुरांच्या व्यापाऱ्याशी बोलणी करूनच. आत्याला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात आहे, जखम भरलीय. माधवने रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला. घरी आल्यावर तो काही बोलायच्या आत आत्याने त्याच्या हातात बादली दिली. "चांदीला पानी दाव." व्यापारी आलाच नाही; माधवनेच त्याला फोनवर नको म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी बिनसाखरेचा चहा मागून प्यालो.

पुढची काही वर्षं अशीच मजेत गेली. यंदा उन्हाळ्यात आत्या झोपेतच गेली, दोन्ही पाय धड घेऊन, स्वतःच्या घरात. तेराव्यानंतर माधव म्हणाला, "दिगू, गाई विकायच्या न्हाईत. तू सांभाळ." 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाई माझ्याकडे न्यायला गोठ्यात गेलो. चांदी दाव्याला ओढ देत होती. माधव नव्या पोत्यापाशी बसला होता. त्याने चिमूटभर पेंड तोंडात टाकली, चावली आणि बाजूला थुंकला.

"खवट हाय," तो म्हणाला. "हे न्हाई चारायचं."