तीन किलोंचं खोटं

बाजारातले दुकानदार माझ्या मामाला 'काटेकोर' म्हणतात. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली, पण "पाच ग्रॅमचा फरक राहू द्या की," म्हणणाऱ्याला त्याने कधी दारात उभं केलं नाही. खरेपणावर तर आम्हा भाचरांना इतकं ऐकवायचा की कान किटायचे.

अशा माणसाने घरच्याच काट्यात खोट घातली.

मामीचं आजारपण लांबलं होतं. वजन घटलेलं दिसलं की ती ताट बाजूला सारायची, "आता कशाला?" म्हणायची. म्हणून मामाने तिच्या काट्याची स्प्रिंग बदलली. रिकामा असताना शून्य, मामी उभी राहिली की तीन किलो जास्त. आकडा बघून ती दोन घास जास्त जेवायची. मला हे ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, पटलंही होतं.

मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला. उद्यापासून नवं औषध, डोस वजनावर ठरणार. मामीने खणखणीत आवाजात सांगून टाकलं, "एक्कावन्न!"

स्वयंपाकघरात मामाने चहाचा भरला कप तसाच खाली ठेवला.

"डोस जास्त झाला तर?" तो कुजबुजला.

"तू गुपचूप फोन कर, खरं वजन सांग," मी म्हटलं.

त्याने केला. नर्स म्हणाली, "पेशंटनं स्वतः सांगितलंय. बदलायचं तर त्यांनाच फोन द्या. पाच वाजता औषध बनवायला घेतील."

साडेचार वाजले होते. मामा हत्यारांची पेटी घेऊन मामीच्या खोलीत गेला आणि काटा उलटा करून बसला.

"बिघडलाय का?" मामीने विचारलं.

"मीच बिघडवला होता," मामा म्हणाला, आणि खाली मान घालून सगळं सांगितलं.

जुनी स्प्रिंग बसल्यावर मामी काट्यावर उभी राहिली. अठ्ठेचाळीस. ती बराच वेळ उतरेचना. ही आता कोसळते, असं वाटून मी पुढे झाले. पण तिने फोनसाठी हात पुढे केला, नर्सला आकडा नीट सांगितला आणि मामाकडे वळली.

"आणि रोज सकाळी 'आज तरतरीत दिसतेस' म्हणता, त्यात किती खोटं मिसळलंय?"