कोयता कोणी चालवला

देवजी भोईरांचं डोकं तापायला तसं फार लागत नसे. पण शहापूरच्या कॉलेजात, पहिल्या रांगेत, स्वतःच्याच सत्काराला बसून ते पेटले, हे जरा जगावेगळंच झालं.

मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचं मशीन त्यांनी तीस वर्षं चालवलं. तुटलेली फिल्म अंधारात नुसत्या बोटांनी जोडावी ती देवजींनीच, असं लोक म्हणायचे. नात रंजिता त्याच गोष्टी ऐकत वाढली आणि सिनेमा शिकवणारी प्राध्यापिका झाली. मूकपटांवर व्याख्यान ठेवलं तेव्हा तिने आज्याचा सत्कारही ठेवला.

व्याख्यान होतं मुर्नाऊ नावाच्या जर्मन दिग्दर्शकावर. नाव ऐकून देवजींनी शेजाऱ्याला विचारलं, हा आपल्या मुरबाडचाच का? मग मात्र ते कान देऊन ऐकू लागले. गडी लढाईत विमान चालवून आलेला. कॅमेरा खुंट्यासारखा एका जागी रोवायचा नाही, तो फिरवायचा, ही त्याची खोड. एका चित्रपटात तर संवाद सांगणाऱ्या अक्षरांच्या पाट्याही त्याने जवळजवळ काढून टाकल्या, चेहऱ्यांवरच भागवलं. पुढे अमेरिकेने बोलावून नेलं, आणि बेचाळीस वर्षांचा असताना मोटारीच्या अपघातात गेला. मागे एकवीस चित्रपट. देवजींना माणूस आवडला.

"यातले कितीतरी आज नाहीत," असं म्हणून रंजिताने फळ्यावर कारण लिहिलं, 'काळाच्या ओघात नष्ट'. "पण रिळं जिवापाड जपणारी माणसंही असतात. त्यातलेच एक आज आपल्यात आहेत."

टाळ्या झाल्या. प्राचार्य शाल घेऊन पुढे आले. देवजींनी ती हाताने मागे लोटली आणि माइक ओढून घेतला.

"काळाचा ओघ म्हंजे काय गो? काळ कोयता घेऊन येतो काय?"

पोरं हसली. देवजी आणखीच भडकले.

तंबू बंद झाला तेव्हा तंबूच्या मालकाच्या बापाच्या वेळची मूकपटांची रिळं पडून होती. ही बोलत नाहीत, कोण बघणार, असं मालक म्हणाला. पुन्हा कोणी चालवू नयेत म्हणून भंगारवाल्याला ती तोडूनच हवी होती. कोणी तोडली, हे देवजींनी घरात कधी काढलं नव्हतं. फुशारक्या तेवढ्या मारल्या होत्या. चीड होती ती स्वतःचीच, आणि निघत होती बिचाऱ्या पोरीवर, हेही त्यांना कळत होतं.

"मी तोडली," ते म्हणाले. "पडवीत बसून, कोयत्यानं. एका रिळात बाई हसत व्हती. उजेडाला धरून बघितली, आन मग तिच्यावरच घाव घातला. मालकाला नाय म्हनायला तोंड उघडलं नाय."

हसणं थांबलं. रंजिता हळूच म्हणाली, आजा, बसा.

"बसतो. पन लिवून घे. तुज्या त्या जर्मनाची रिळं बी माज्यासारख्याच कोनीतरी वाटंला लावली आसतील. काळावर नको ढकलू. त्याचं नाव तुला सापडायचं नाय. माजं सापडलंय."

शाल प्राचार्यांच्या हातातच राहिली. रंजिताने फळ्यावरचे 'काळाच्या ओघात' हे शब्द पुसले. मग तिथे तिने आज्याचं नाव लिहिलं, आडनावासकट.