कौल मिळेपर्यंत

वेब डेव्हलपर म्हणजे नक्की काय, हे नाझमीनने अब्बांना कितीदा तरी समजावलं होतं. अस्लमभाई मान हलवत, पण शेजाऱ्यांना सांगताना "आमचा चेडू कम्प्युटरार काम करता" एवढ्यावरच निभावून नेत. निभावून नेण्याइतकंही काही नव्हतं म्हणा. काम अजून लागलंच नव्हतं.

कुडाळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यापासून पोरगी खोलीत बसून व्हिडिओ बघत शिकली. वेंगुर्ल्याच्या एका काजूवाल्याची वेबसाइट तिने करून दिली. तो खूश झाला आणि त्याने काजूची पिशवी पाठवली. मग सुरू झाले अर्ज. सगळ्या कंपन्यांना अनुभव हवा होता आणि तो मिळू द्यायला एकही तयार नव्हती. हल्ली नकारसुद्धा मशीनच लिहितं, त्यामुळे रागवायचं कोणावर तेही कळत नाही. नाझमीन दमली होती. झोपून जाणारा थकवा नव्हता तो. सकाळी उठतानाच अंगावर असायचा.

तरी तिने दुसरं काही शोधलं नाही, त्याला कारण होतं. थोरला भाऊ शाहनवाज कतारला गेला, तो दर दोन वर्षांनी महिनाभर पाहुण्यासारखा येतो. तो गेला त्या दिवशी रडणाऱ्या अम्मीला नाझमीनने शब्द दिला होता, "मी खंयच जावचंय नाय." घरात बसून करता येतं म्हणून तर तिने हे काम धरलं.

अखेर पुण्याची एक कंपनी घरून काम द्यायला तयार झाली. शेवटची मुलाखत तेवढी राहिली होती. त्यांच्यासमोर, चालू कॅमेऱ्यात एक वेबसाइट उभी करून दाखवायची. ठरल्या दिवशी रस्ता खणणाऱ्या जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. कंपनीच्या अनुजा मॅडमनी सांगितलं, "दुसरी तारीख तुम्हीच द्या. पण ही शेवटची."

आणि नेमका त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवताचा कौल झाला की हा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हिंदू असो की मुसलमान, घरात कोणी थांबत नाही. तीन दिवस झावळ्यांच्या झोपड्यांत राहायचं, चौथ्या दिवशी पुन्हा कौल मागायचा आणि देव हो म्हणाला की परतायचं. नाझमीनने हिशेब केला. चौथ्या दिवशी सकाळी कौल, दुपारी घर, संध्याकाळी पाचला मुलाखत. तिने तीच तारीख कळवून टाकली. तिच्या आठवणीत देवाने चौथ्या दिवशी कधी नाही म्हटलं नव्हतं. पुण्याच्या माणसाने चार जणांना विचारलं असतं. देवाला असं गृहीत धरायला याच गावात वाढावं लागतं.

चौथ्या दिवशी सकाळी कौल झाला नाही. दुपारी पुन्हा मागितला. चार वाजत आले तेव्हा मानकरी देवळाकडून हात हलवत आले. आज नाही. उद्या बघू.

कुडाळ गाठायला ना एसटी होती ना वेळ. नाझमीन लॅपटॉप घेऊन वेशीवरच्या ओढ्यावरल्या साकवापाशी आली, कारण फोनला थोडी रेंज होती ती तिथेच. साकवाच्या पलीकडे माडांतून तिच्या घराचं छप्पर दिसत होतं. आत नवी जोडलेली केबल होती, वीज होती, टेबल होतं.

तिची घालमेल शेजारच्या बाबलीकाकांनी पाहिली. देवळाच्या मानकऱ्यांतलेच ते. म्हणाले, "जा गो तू घराक. काम उरक नि ये. देव काय पोरांवर रागावता?"

नाझमीनने अब्बांकडे पाहिलं. अस्लमभाई सावकाश बोलले. "बाबली, तू गेलस तर लोक म्हणतले, बाबली इसारलो. आम्ही गेलो तर म्हणतले, ह्येंका गावाचा काय पडलाहा?"

नाझमीनला अब्बांचा राग आला. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला. ती साकवाच्या अलीकडेच दगडावर बसली.

मुलाखत व्हायची तशी झाली. चित्र गोठलं, आवाज तुटला, मागे कोणाचा तरी कोंबडा आरवला. "तुम्ही नक्की कुठे आहात?" अनुजा मॅडमनी विचारलं. नाझमीनने खरं ते सांगितलं.

"घर समोर दिसतंय आणि तुम्ही जात नाही?"

"आज जायचं नसतं, मॅडम."

पुढचं काही ऐकू येण्याआधी कॉल तुटला. मग तिने एकटीने, अंधार पडेपर्यंत ती वेबसाइट पूर्ण केली आणि रेंज आली तशी पाठवून दिली. झोपडीत येऊन अम्मीने वाढलेली पेज प्यायली.

दुसऱ्या दिवशी देवाने कौल दिला. ढोल वाजले, पोरं धावत सुटली, सगळा गाव हसत-बोलत साकव ओलांडून आत निघाला. कोंबड्यांची टोपली डोक्यावर घेऊन नाझमीन दाराशी पोचली तेव्हा घरातलं वायफाय लागून फोन वाजला. टोपली कमरेवर घेऊन तिने पुण्याहून आलेली मेल वाचली. काम आवडलं होतं. निवड झाली होती. मात्र तिकडच्या नेटवर्कची अडचण पाहता घरून काम देता येणार नाही, पुण्याच्या ऑफिसात रोज हजर राहावं लागेल.

तिने अब्बांना सांगितलं. कुलपात घातलेली किल्ली त्यांनी तशीच धरून ठेवली.

"जातलंस?"

"होय. दुसरा कोण देता काम?"

अम्मी मागे गाठोडं घेऊन उभी होती. तिने ऐकलं होतं.

"आणि परत कधी?" अब्बांनी विचारलं.

गावाला हे विचारायला देव होता. आपण कोणाला विचारायचं, ते नाझमीनला कळेना. अब्बांनी दार ढकललं आणि बाजूला सरून तिला वाट दिली.

"ये," ते म्हणाले, "आज तरी घरात ये."