ओव्हरकोटाचे खिसे

विमानतळावर नोकरी केलेल्या माणसाला कोणी गप्पांना बोलावलं की उठताना पंचाईत होते. एक किस्सा सांगावा, तर त्याच्या मागे दुसरा रांग लावून उभा असतो. म्हणून आज फक्त पहिल्या वर्षाचे सांगते. बेंगळूरचे, डाकोटा विमानांच्या काळातले.

लंडनला आहारशास्त्र शिकून मी परतले, तेव्हा डोक्यात एक चित्र पक्कं होतं. येतानाच्या विमानात मला वाफाळलेलं सूप, चकचकीत काटे-चमचे आणि कडक इस्त्रीचा रुमाल मिळाला होता. आपल्या स्वतंत्र देशाच्या विमानातही असंच, पण आपलं, सकस जेवण द्यायचं, या ध्यासाने मी एका विमान कंपनीच्या खानपान विभागात रुजू झाले. तिथे होतं हँगरमागचं पत्र्याचं स्वयंपाकघर, दोन शेगड्या, पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत आणि फ्रान्सिस नावाचा आचारी. तो पहाटे येऊन खोकी भरायचा आणि सकाळचं विमान सुटलं की सायकलवर टांग मारून घरी जायचा.

लंडनच्या माझ्या बाईंनी तिथल्या एका कंपनीत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. वर्ष संपायच्या आत उत्तर हवं होतं. जायचं की राहायचं, हे मी रोज सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळपर्यंत बदलायचे. तोवर मुक्काम जयनगरला, आत्याकडे. माझा जाडजूड लंडनचा ओव्हरकोट तिच्या खुंटीवर लटकत होता. बेंगळूरच्या हवेत त्याला दुसरं काम नव्हतं.

* * *

पहिल्याच महिन्यात मी खोक्यातलं सगळं बदललं. सँडविचमध्ये मुळा-गाजर, शिवाय चीज, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची वडी, एक केळं. ज्यांना अंडं चालत नाही त्यांना जास्तीची वडी. एकेका जिन्नसामागे मी रात्र रात्र विचार केला होता.

आणि काय सांगू, एकही खोकं परत येईना! उरलेलं तर सोडाच, रिकामा पुठ्ठासुद्धा नाही. मी हरखून गेले. आपल्या माणसांना सकस अन्न किती चटकन कळतं, असं बाईंना लिहूनही टाकलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या शालूताई कारखानीसांकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांचे यजमान विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. आदल्या दिवशीच ते कामासाठी मुंबईला जाऊन आले होते. मधोमध पाटावर माझं खोकं ठेवलेलं, भोवती चार मुलं. एका अंड्याचे चार भाग, केळ्याचे चार भाग. शेंगदाण्याच्या वडीसाठी अडकित्ता!

मी फ्रान्सिसला विचारलं, तर त्याला नवल वाटलं ते माझंच. म्हणाला, "मिस, विमानातलं जेवण विमानात जेवतं कोण?"

* * *

डाकोटात बसण्याआधी माणसाचंही वजन करत. विमान लहान, त्यामुळे एकूण भार किती हे वैमानिकाला कळावं लागे. पण गंमत अशी, की ठराविक मर्यादेपुढे पैसे पडायचे ते फक्त सामानाच्या वजनाला. माणूस कितीही भरो, त्याला जादा आकार नाही.

ही फट आमच्या लोकांनी बरोबर हेरली होती. शालूताई माहेरी निघाल्या, की अंगावर तीन साड्या एकावर एक. मुलांना भर मे महिन्यात दोन-दोन स्वेटर. काट्यावर नंजप्पा नावाचा गंभीर चेहऱ्याचा कारकून असे. तो आकडा वाचायचा, शालूताईंच्या चिंचोळ्या चेहऱ्याकडे बघायचा आणि मुकाट लिहून घ्यायचा.

परतताना साड्या बहिणींना वाटून झालेल्या असत, त्यामुळे शालूताई जातानाच्या निम्म्या दिसत. एकदा कारखानीस त्यांना उतरवून घ्यायला आले, तेव्हा नंजप्पा त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सार, राग नको. पण बाईंना माहेरी स्वल्प जेवायला तरी घालतात ना?"

* * *

हे आत्याने दोन दिवस माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशी ती खुंटीवरच्या माझ्या कोटासमोर उभी दिसली. खिशात हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला.

"विजू," ती म्हणाली, "हा तुला लंडनला परत लागेल ना गं?"

"बहुतेक."

"मग जपून वापरीन. खिसे सैल पडू द्यायची नाही."

तिची लेक कुसुम मुंबईला बाळंत झाली होती. दुसरी खेप. तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन आत्याला विमानाने जायचं होतं. आत्याचे यजमान, म्हणजे अण्णा, आमच्याच कंपनीच्या स्टोअर्समध्ये होते. त्यांना कुटुंबासाठी वर्षातून एकदा फुकट पास मिळे. अट एवढीच, की जागा रिकामी राहिली तरच बसायचं.

* * *

या अटीपायी जे निरोपसमारंभ झाले, ते मी जन्मात विसरणार नाही.

आत्या नऊवारी नेसून, वर माझा ओव्हरकोट चढवून निघायची. खिशांत लाडू, थालीपिठं, मेतकुटाची पुरचुंडी, मेथी-आळीव. गल्ली दारात गोळा व्हायची. शालूताई हातावर दही घालायच्या. सगळे डोळे पुसायचे. आणि तासाभरात आत्या परत! शेवटच्या क्षणी पूर्ण पैसे भरलेला कोणीतरी यायचा आणि जागा जायची.

असं तीनदा झालं. तिचं तोंड मात्र एकदाही उतरलं नाही. चौथ्या खेपेला शालूताई म्हणाल्या, "अक्का, आज दही विरजणातच राहू दे. विमान डोक्यावरून गेलं की अण्णांच्या हातावर घालते."

अण्णा कानडीत म्हणाले, "सरी." म्हणजे, ठीक आहे.

* * *

मधेच कारखानीसांचा चिवडा सांगते, नाहीतर राहील.

विमानाने मुंबईला निघालेल्या कारखानीसांबरोबर शालूताईंनी सासूबाईंसाठी पितळी डब्यात चिवडा दिला होता. आकाशात पोचल्यावर डबा सांडला तर नाही ना, म्हणून कारखानीसांनी उघडून पाहिला आणि घट्ट लावला. वर हवा विरळ, खाली दाट. जमिनीवर आल्यावर झाकण असं बसलं, की हलेना. शालूताईंच्या दिरांनी जोर लावला, शेजारच्या पैलवानाने लावला. कारखानीसांनी आईला हवेच्या दाबाचा नियम चित्र काढून समजावला. ती म्हणाली, "नियम राहू दे, चिवडा काढ."

परतीच्या विमानात ते झाकण बोटाने उघडलं. चिवडा आम्ही बेंगळूरलाच खाल्ला. मला मात्र तो खाताना भरून आलं. निसर्गाचा एवढा मोठा नियम, आणि तो आपल्या डब्यालाही लागू!

* * *

आता आत्याचं विमान.

चौथ्या खेपेला जागा मिळाली. नंजप्पाने तिला कोटासकट काट्यावर घेतलं, आकडा वाचला आणि नमस्कार केला. विमान उडालं. फ्रान्सिस सायकलवर बसून गेला. वर खोकी वाटून होतात न होतात तोच एक इंजिन बंद पडलं, आणि विमान अर्ध्या तासात परत आमच्यासमोर उतरलं. सगळे सुखरूप. फक्त एक सुटा भाग मद्रासहून यायचा होता. "येईल तासाभरात," असं सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, चार वाजताही तेच सांगितलं.

स्वयंपाकघराला कुलूप, किल्ली फ्रान्सिसच्या खिशात. बाहेर नुसतं माळरान. पत्र्याच्या शेडमध्ये वीसेक माणसं भुकेने कोमेजलेली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर माझं न उघडलेलं खोकं!

मी सगळ्यांना म्हणाले, अहो, उघडा की, खा. कोणी हललं नाही. सुटाबुटातले एक गृहस्थ खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हे मुलीसाठी आहे." पलीकडच्या तमिळ बाईंनी नुसतीच मान हलवली. त्यांच्या खोक्याला तर पदराचा काठ फाडून बांधलेला होता.

आत्या उठली. उजव्या खिशातून थालीपिठं निघाली. डाव्यातून मेतकूट. मग आतल्या खिशातून लाडू.

मी तिचा हात धरला. "आत्या, ते कुसुमचे आहेत."

"कुसुमला मी परत वळून देईन. यांना भूक आत्ता लागलीय."

ती रांगेने वाढत गेली. सुटाबुटातल्यांना, तमिळ बाईंना, नंजप्पाला, दोन्ही वैमानिकांना. कोणी नको म्हटलं नाही. शेड एकदम बोलायला लागली, कुठून आलात, मुलगी केवढी आहे. शेवटी खिशात काही उरलं नाही. तिला स्वतःला तर नाहीच. तिच्या काखेत तिचं खोकं होतं.

"निदान हे तरी खा," मी म्हणाले.

तिने कोटाची बाजू ओढून ते झाकलं. "वेडी का तू? हे नातवाचं आहे."

पाच वाजता निरोप आला, की विमान उद्या दुपारी. माणसं उठली आणि एकेक खोकं छातीशी धरून बाहेर पडली.

त्या रात्री घरभर डिंक तळल्याचा वास होता. सकाळी आत्या लाडू वळत असताना मी खुंटीवरचा कोट घेतला आणि बसने बेंगळूरच्याच शिवाजीनगरला गेले. शिंप्याने नुकतंच दुकान उघडलं होतं.

"आतून दोन खिसे अजून हवेत," मी म्हणाले. "मोठे. डबा मावेल एवढे. दुपारच्या आत."

त्याने अस्तरावरून बोट फिरवलं. "लंडनचा माल आहे, अक्का. एकदा कापला की पहिल्यासारखा व्हायचा नाही."

"कापा," मी म्हणाले.