दहापैकी नऊ

मी तलासरीत शाळेत विज्ञान शिकवतो. माझा मोठा भाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होऊन डहाणूत राहतो. वडील गेले तेव्हा त्यांच्या रेकॉर्डची पत्र्याची पेटी दादाकडेच राहिली. बहुतेक नाट्यगीतं, थोडी भजनं. माझ्याकडे तेव्हा वाजवायला काही नव्हतं, म्हणून मीही काही बोललो नाही.

पन्नाशीत मला रेकॉर्ड ऐकायचा नाद लागला. फोनवरच्या एका ग्रुपात लोक लिहायचे, भारी टर्नटेबलवर ऐकलं की गाणारा समोर बसल्यासारखा वाटतो. वर्षभर वाचत राहिलो आणि शेवटी तसं मशीन मागवलं. बायको एवढंच म्हणाली, "ऐकायला रेकॉर्ड कुठे आहेत आपल्याकडे?"

मी दादाला फोन करून पेटी मागितली. तो काही म्हणायच्या आधीच मी नको ते बोललो. "तुझ्या त्या जुन्या मशीनवर बाबांच्या रेकॉर्डची माती होतेय."

"बाबा त्याच मशीनवर ऐकायचे," तो म्हणाला. "तुला फरक कळतो ना? मग इथे येऊन कळवून दाखव. कळला तर पेटी तुझी."

रविवारी सकाळी मशीन गोधडीत गुंडाळून गाडीत मागच्या सीटवर ठेवलं. बायको शेजारी धरून बसली. डहाणूपर्यंत मी एकही खड्डा वेगात घेतला नाही.

दादाने सगळी तयारी करून ठेवली होती. खोलीत आडवी दोरी बांधून त्यावर चादर टाकली होती. चादरीमागे टेबलावर त्याचं मशीन, शेजारी माझं. दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची, स्पीकर तेच. मीटर लावून त्याने दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. "आवाज जरा मोठा असला की माणसाला तेच चांगलं वाटतं," तो म्हणाला. मला हे ठाऊक होतं, पण त्यालाही ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

वहिनी चादरीमागे गेल्या. वडिलांच्या आवडत्या नाट्यगीताची रेकॉर्ड त्या मनाला येईल त्या मशीनवर ठेवणार, आणि मी कागदावर 'माझं' किंवा 'दादाचं' लिहिणार. असं दहा वेळा. दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसला. बायको दाराशी उभी होती.

पहिल्यांदा ऐकलं आणि मी लिहिलं, माझं. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं. तिसऱ्या वेळी हार्मोनियमचा सूर लागला आणि मी पेन्सिल धरून तसाच बसलो. मला काहीच कळत नव्हतं. तोच आवाज, तीच खरखर. वर्षभर जे वाचलं होतं ते कानात शोधत होतो आणि सापडत नव्हतं. दादा माझ्याकडे बघत नव्हता, पण गाण्याबरोबर हलणारा त्याचा पाय थांबला होता.

चौथ्या वेळी गाणं सुरू व्हायच्या आधी चादरीमागून बारीकसा 'टक' आवाज आला. दादाच्या मशीनचा सुई खाली सोडायचा दांडा जुना होता, तो वाजायचा. माझ्या मशीनचा दांडा तेलावर सरकतो, त्याला आवाज नाही. हे ध्यानात आल्यावर मी गाणं ऐकणं सोडून दिलं. टक झालं की 'दादाचं', नाही झालं की 'माझं'. चेहरा मात्र गाणं ऐकत असल्यासारखा ठेवला. एकदा तर डोळेसुद्धा मिटले.

वहिनी त्यांचा कागद घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या कागदाशी ताडून बघू लागल्या. "भाऊजी, दहापैकी नऊ बरोबर," त्या म्हणाल्या.

दादा उठला, आतल्या खोलीत गेला आणि पेटी घेऊन आला. "ने," म्हणाला. जेवायला थांबा असं वहिनी म्हणाल्या. शाळेच्या कामाचं निमित्त सांगून निघालो.

पेटी घरी आठ दिवस तशीच पडून होती. बायकोने दोनदा विचारलं, "लावत का नाही?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी पेटी गाडीत घालून एकटाच गेलो. दादा ओट्यावर पेपर वाचत होता. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं. "मला फरक कळला नव्हता. तुझ्या दांड्याच्या आवाजावरून लिहीत होतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. "गाणं सुरू व्हायच्या आधीच तुझी पेन्सिल चालायची."

"मग पेटी का दिलीस?"

त्याने पेपरची घडी घातली. "तुझ्या वहिनीसमोर तुला खोटं पाडायचं होतं का मी? आणि तू नुसती मागितली असतीस तर नाही म्हटलं असतं मी? मशीनला नावं ठेवलीस म्हणून लागलं मला."

मला वाटलं, आता तो पेटी घेऊन जा म्हणेल. तो उठला, गाडीतून पेटी काढली आणि आत नेऊन ठेवली. मी ओट्यावरूनच परत निघालो. त्यानेही थांब म्हटलं नाही.

दोन महिने आमचं बोलणं नव्हतं. मग एक दिवस त्याचाच फोन आला. "तुझ्या मशीनबरोबर सुईचा भार मोजायचा काटा आला असेल ना? घेऊन ये."

मोजलं तर त्याची सुई जेवढ्या भाराने टेकायला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट भाराने रेकॉर्डवर दाबत होती. म्हणजे माती होतेय हे मी रागात बोललेलं अगदीच खोटं नव्हतं, आणि ते थांबवायला भारी मशीन लागत नव्हतं हेही खरं. सुईच्या दांडीमागचं वजन फिरवून भार कमी केला, झिजलेली सुई बदलली. दादाने ते नाट्यगीत लावलं. शेवटच्या तानेला आधी जी चरचर यायची ती बरीच कमी झाली. हे आम्हा दोघांनाही चादरीशिवाय ऐकू आलं.

"हे ठीक झालं," दादा म्हणाला.

निघताना त्याने पेटी उघडली. "दोन ने. ऐकून झाल्या की आण, मग दुसऱ्या ने." मी कोणत्या काढतो ते तो उभा राहून बघत होता. भजनांच्या दोन घेतल्या आणि बाबांच्या आवडत्या नाट्यगीताची तिथेच ठेवली.