मास्तरांच्या भिंतीवरची संख्या

"फोडून दाखवा!" आमचे शेजारी मास्तर हे अशा थाटात म्हणायचे, की नवख्याला वाटावं समोर नारळच ठेवलाय. असायचा मात्र एखादा आकडा. देवळाली प्रवराच्या थांब्यावर एस.टी. आली की लोक पाटी बघायचे, मास्तर गाडीचा नंबर. तो कशानेच भागला गेला नाही की स्वारी खूश, आणि तेवढ्यात बसायची जागा गेलेली. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसेल तर तुमचं नशीब जरा कमीच.

हायस्कुलात गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. एकाहत्तर साली पेपरात आलं, की अमेरिकेत कॉम्प्युटरवर तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. एकोणीस हजार नऊशे सदतीस दोन घ्यायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. उत्तरात सहा हजारांवर अंक! मास्तरांचं जेवणातलं लक्षच उडालं.

"ही पाहिल्याशिवाय मरायचं नाही," ते मला म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून घाई.

"पण एवढे अंक लिहिणार कसे?"

"शून्य आणि एक, दोनच अंकांत लिहायची रीत आहे ना! त्या रीतीनं ही नुसती एकांची रांग. जितके दोन, तितके एक. मात्र एखादा कमी पडला किंवा वाढला, की तिनाने फुटते."

दुसऱ्या दिवशी पडवीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा सुरू झाल्या, प्रत्येक एकाची एक उभी रेघ.

आता आमच्याकडे भिंतीवर रेघ म्हणजे दूध. रतीब घालणारी हौसाबाई मापामागे एक रेघ ओढायची. तिनं रांगेच्या टोकाला आपली रेघ ठोकून दिली. मास्तर फडकं घेऊन धावले.

"पुसायची न्हाई! दूध घातलंय म्या!"

मास्तर थबकले, मग हसायलाच लागले. "राहू दे बाई. आज माझी एक कमी काढतो. एक तो एकच."

तेव्हापासून सकाळची पहिली रेघ तिची. पुढे मास्तरांना दिसेनासं झालं, तेव्हा ते बाजेवर बसून मोजायचे आणि हौसाबाई रेघा ओढायची. "लई लांबडा आकडा बया," म्हणून कुरकुरायची, पण चुकायची नाही.

डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नगरला निघाले, तेव्हा एकच रेघ उरली होती. मी म्हटलं, "ओढून टाका की."

"छे! पट्टी सुटली की सगळी डोळे भरून बघणार आणि मग ओढणार. तोवर राहू दे फुटकी."

मास्तर परत आले नाहीत. डोळे बरे झाले होते, छातीनं दगा दिला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

नवा भाडेकरू यायचा होता. घरमालक चुन्याची बादली घेऊन आला. झाकण्याआधी एकदा तरी पुरी होऊ दे, म्हणून मी कोनाड्यातला कोळसा उचलला. हौसाबाईनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"त्यो एक मास्तरांचा हाय."

तिनं कोळसा कोनाड्यात जागच्या जागी ठेवला, पदराने हात पुसला आणि घरमालकाला म्हणाली, "हां, मारा आता चुना."