मधमाश्यांना सांगायची बातमी

माझा दीर रूबेन मेल्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिलमधल्या एका गुरुवारी, घरी आला. सासूबाई दारात बटाटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं, सुरी खाली ठेवली, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाय पूस. मर्सीनं आत्ताच फरशी धुतली आहे."

मर्सी म्हणजे मी. फरशी मी सकाळी धुतली होती, पण ते असो.

झालं होतं असं, की नोव्हेंबरात रीगाहून लाकूड घेऊन येणारं त्याचं जहाज बुडालं. एकही माणूस वाचला नाही असं आम्हाला कळवण्यात आलं, आणि ते खरंच होतं. फक्त रूबेन जहाजावर नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी त्याचा पाय मोडला, म्हणून कप्तानानं त्याला रीगाच्या इस्पितळात सोडलं होतं. मग तिथलं बंदर गोठलं. रूबेनला लिहिता येत नाही, आणि तिथल्या कुणाला आमची भाषा येत नव्हती. बर्फ वितळल्यावर तो मिळेल त्या जहाजानं निघून आला.

संध्याकाळी सगळे टेबलाशी बसलो. मुलगा घरी आला की सासूबाई त्याला घरच्या बातम्या सांगतात, आणि त्यांची सांगायची एक रीत आहे. आमचे सगळे नातेवाईक एकाच गल्लीत राहतात. सासूबाई चॅपलच्या टोकापासून सुरुवात करतात आणि एकेक घर घेत खाली येतात. मधलं घर गाळायचं नाही, उडी मारायची नाही. आमचं घर शेवटचं. त्यामुळे स्वतःच्या मरणापर्यंत पोचायला रूबेनला बराच वेळ लागला.

"हेप्झिबा मावशीचे उरलेले दातही गेले. आता ती काय भांडते ते कुणाला कळत नाही, त्यामुळे त्या घरात शांतता आहे. ओबादायानं दुसरी केली. बॅप्टिस्ट पंथाची आहे, आपल्या चॅपलची नाही, पण हाताला चव आहे तिच्या. आपल्याकडे म्हणशील तर नाताळसाठी टांगलेली डुकराची मांडी नोव्हेंबरातच उतरवावी लागली."

"का गं?"

"का म्हणजे? तू गेलास ना. माणसं जेवायला येणार, त्यांच्यापुढे काय नुसता पाव ठेवायचा?"

"किती आले होते?" रूबेननं विचारलं. मेलेल्या माणसाला एवढी उत्सुकता असणारच.

"चाळीस. तुझ्या बापाला एकतीसच होते."

"एवढे लोक मला ओळखतात?"

"मांडी चांगली मोठी होती," सासूबाई म्हणाल्या. "पाद्रीबाबा म्हणाले, मुलगा मनमिळाऊ आणि कष्टाळू होता. कुणी हरकत घेतली नाही. तुझी रविवारची विजार जोनासला दिली."

जोनास म्हणजे माझा नवरा, रूबेनचा थोरला भाऊ. तो तीच विजार घालून बसला होता. त्यानं पाय टेबलाखाली ओढून घेतले आणि म्हणाला, "मला सैलच होते."

"आणि अ‍ॅलिस?" रूबेननं विचारलं.

"मूरबींची? फेब्रुवारीत झालं तिचं लग्न. गिरणीवाल्याच्या पुतण्याशी. बिचारी आधी मला विचारायला आली होती. मी म्हटलं, कर बाई, तो काही आता येत नाही."

रूबेन चहा ढवळत बसला. साखर त्यानं घातलीच नव्हती. आमच्या घरात अशा वेळी कुणी काही बोलत नाही, म्हणून मी पाव कापला.

मग जोनासनं विषय काढला. त्याच्या मालकाला, चाकं बनवणाऱ्याला, एक गडी हवा होता. रूबेन लंगडत असला तरी चालणार होतं. रूबेन म्हणाला की येता येताच हल बंदरात त्याला एका जहाजावर खानसाम्याची जागा मिळाली आहे आणि सोमवारी निघायचं आहे.

"आणखी बटाटा घे," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या थर्केलांच्या घरात कुणाला 'जाऊ नकोस' म्हणायची पद्धत नाही. सासरे समुद्रात गेले ते परत आले नाहीत, पण त्या सकाळीही सासूबाईंनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की मफलर विसरू नका. त्यांना रूबेन इथं राहायला हवा होता. दुसरं काही नको होतं त्यांना. मला ते दिसत होतं, जोनासला दिसत होतं, आणि रूबेनला दिसत नसेल तर तो रीगात पायाऐवजी डोकं फोडून घेऊन आला असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी रूबेन मागच्या बागेत गेला. तिथं आमची मधमाश्यांची पोळी, गवत विणून केलेल्या पालथ्या टोपल्यांतली, ओळीनं मांडलेली आहेत. प्रत्येकावर काळी फीत होती.

घरात जन्म, लग्न, मरण काहीही झालं तरी ते मधमाश्यांना जाऊन सांगावं लागतं. घराच्या किल्लीनं पोळ्यावर तीनदा टकटक करायची आणि नाव घेऊन बातमी द्यायची. नाही सांगितलं तर माश्या रुसून निघून जातात. सासूबाईंनी नोव्हेंबरात रीतसर सांगितलं होतं, प्रत्येक पोळ्याला थोडा केकही ठेवला होता.

"आता उलटं सांगून टाक ना," रूबेन आईला म्हणाला.

"बघू."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. गावात चर्चा सुरू झाली. पाद्रीबाबा म्हणाले की माश्यांना कान नसतात. म्हाताऱ्या एलायकडे गावात सगळ्यात जास्त पोळी, तो म्हणाला, "या गावात माश्यांशी आजवर कुणी खोटं बोललेलं नाही, तेव्हा पुढं काय होईल ते आपल्याला नाही सांगता यायचं." सासूबाई काळाच पोशाख घालून फिरत होत्या. त्यांनी आपले सगळे कपडे हंड्यात घालून काळे रंगवले होते.

"अगं, मी जिवंत आहे," रूबेन म्हणाला.

"कापडही चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "राणीसाहेब नवरा गेल्यापासून इतकी वर्षं काळं घालतात, त्यांना कुणी विचारतं का?"

रविवारी चॅपलहून आल्यावर रूबेननं दाराची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात देऊन त्यांना बागेत नेलं. मी मागच्या दारात उभी राहून ऐकत होते. रविवारी धुणं वाळत घालत नाहीत, त्यामुळे तिथं उभं राहायला दुसरं काही कारण नव्हतं.

"सांग त्यांना," रूबेन म्हणाला. "माझं मलाच विचित्र वाटतंय."

सासूबाईंनी किल्ली मुठीत धरली, पण टकटक केली नाही.

"तुझ्या बापाशी लग्न केलं तेव्हापासून वारा सुटला की मी उठून बसते," त्या म्हणाल्या. "आधी त्याच्यासाठी, मग तुझ्यासाठी. तू गेलास आणि ते थांबलं. जानेवारीत वादळानं चॅपलचं छप्पर उडालं. मला ते सकाळी मर्सीनं सांगितलं. मी झोपले होते. मेलेलं पोर बुडत नाही रे, रूबेन."

रूबेन जवळच्या पोळ्यावरची काळी फीत सरळ करत राहिला.

"तू राहणार असशील तर आत्ता सांगते त्यांना. जाणार असशील तर जाऊ दे, त्यांना वाटू दे तू गेलास म्हणून. मलाही तसंच वाटू दे." मग त्यांनी त्याची बाही धरली. "नको जाऊस."

लग्न होऊन मी या घरात आले त्याला आठ वर्षं झाली. हे शब्द मी तिथं पहिल्यांदाच ऐकले.

"आई, मी शब्द दिलाय," रूबेन म्हणाला. "आणि इथं मी करू काय? रोज गिरणीवरून जायचं आणि तिला बघायचं?"

सासूबाईंनी बाही सोडली.

सोमवारी सकाळी तो गेला. सासूबाईंनी त्याला शिदोरी बांधून दिली, फाटकापर्यंत गेल्या, वाकून कुंपणाखालचं तण उपटलं आणि आत आल्या. मग किल्ली घेऊन मागे गेल्या. प्रत्येक पोळ्यावर तीनदा टकटक केली आणि म्हणाल्या, "रूबेन थर्केल जिवंत आहे. चूक माझी झाली." काळ्या फिती सोडून त्यांनी घडी करून खिशात ठेवल्या.

दुपारी वारा ईशान्येकडे फिरला. फार नव्हता, दोरीवरची चादर हलेल एवढाच. सासूबाई पावाची कणीक मळत होत्या. त्या थांबल्या, पिठाचे हात तसेच घेऊन दारात गेल्या आणि समुद्राच्या बाजूचं आभाळ बघत उभ्या राहिल्या.

"आई," मी म्हटलं, "अजून तो हल बंदरालासुद्धा पोचला नसेल."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, पण आत आल्या नाहीत.